इंजिनाची किंमत मोजणारा अभियंता

जुन्या स्पोर्ट्स मोटारींचा छंद जडलेल्या माणसाला गाडी विकत घेण्याच्या खर्चाची तितकी धास्ती नसते, जितकी तिचे इंजिन पुन्हा बांधून घेण्याच्या खर्चाची असते. गाडीची किंमत व्यवहाराच्या वेळी एकदाच ठरते. इंजिनाचा खर्च मात्र ते पूर्णपणे खोलल्याशिवाय कळत नाही. बाहेरून ठणठणीत वाटणाऱ्या इंजिनाच्या पोटात गंजलेली भिंत निघते, क्रँकशाफ्टला तडा निघतो, आणि मिस्त्रीने आरंभी सांगितलेला आकडा दुप्पट-तिप्पट होतो. विसाव्या शतकातील दुसऱ्या-तिसऱ्या दशकातील इंग्रजी मोटारींमध्ये हा अनुभव ज्यांच्या बाबतीत सर्वाधिक येतो, त्या म्हणजे मूळच्या बेंटले गाड्या. त्यांचे इंजिन पुन्हा उभे करण्याचा खर्च पाच आकडी पौंडांत, म्हणजे आपल्या हिशेबाने दहा लाख रुपयांच्या पुढेच जातो. हा खर्च इतका का होतो, याचे उत्तर त्या इंजिनाच्या निर्मात्याच्या आयुष्यात दडलेले आहे.

वॉल्टर ओवेन बेंटले हे त्यांचे पूर्ण नाव. मोटारींच्या जगात मात्र ते ‘डब्ल्यू. ओ.’ या दोन आद्याक्षरांनीच ओळखले गेले. इंजिन कसे असावे, याबाबत त्यांची मते ठाम होती आणि त्या मतांसाठी लागणारी किंमत मोजण्यास ते सदैव तयार असत. ही किंमत अखेरीस त्यांना स्वतःलाच मोजावी लागली.

आगगाडीच्या कारखान्यातील शिक्षण

बेंटले यांचा जन्म १६ सप्टेंबर १८८८ रोजी लंडनमधील हॅम्पस्टेड येथे एका सुखवस्तू कुटुंबात झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात शिकत असताना त्यांचे मन पुस्तकांपेक्षा आगगाडीच्या इंजिनात अधिक रमे. वयाच्या सोळाव्या वर्षी, १९०५ मध्ये, त्यांनी शाळा सोडली आणि यॉर्कशायरमधील डॉन्कास्टर येथे ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी पत्करली. पाच वर्षांच्या या उमेदवारीसाठी वडिलांनी ७५ पौंड भरले होते.

आपल्याकडे परळच्या लोको कारखान्यातून जसे पिढ्यान् पिढ्या कारागीर घडले, तसेच डॉन्कास्टर हे इंग्लंडमधील घडणीचे ठिकाण होते. तेथे बेंटले ओतकाम शिकले, लेथवर उभे राहिले, सुटे भाग जुळवायला शिकले आणि शेवटी वाफेच्या इंजिनावर फायरमन म्हणून कोळसाही ओढू लागले. लंडन ते लीड्स आणि परत, अशा सुमारे ४०० मैलांच्या एका दिवसाच्या फेरीत सुमारे सात टन कोळसा फावड्याने भट्टीत टाकावा लागे. आगगाडीचे इंजिन वर्षानुवर्षे अखंड चालावे अशा हिशेबानेच बांधले जाते. त्यात वजन कमी करण्याची घाई नसते आणि धातूची काटकसरही नसते. हा संस्कार बेंटले यांच्या मनावर कायमचा उमटला.

तथापि रेल्वेत बढतीची वाट लांब आणि मिळकत बेताची होती. १९१० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. तोवर मोटारसायकलींचे वेड त्यांना लागले होते. १९०९ आणि १९१० मध्ये आयल ऑफ मॅन येथील टुरिस्ट ट्रॉफी शर्यतींत त्यांनी भागही घेतला. त्यानंतर लंडनमधील एका टॅक्सी कंपनीत सुमारे अडीचशे युनिक टॅक्सींच्या देखभालीचे काम त्यांनी पाहिले. टॅक्सीच्या धंद्यात दुरुस्तीसाठी उभी असलेली प्रत्येक गाडी तोट्याची असते. इंजिन किती दिवस टिकते आणि ते खोलायला किती तास जातात, हा हिशेब त्यांनी तेथे रोजच्या रोज पाहिला.

अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन

१९१२ मध्ये थोरले बंधू होरेस मिल्नर यांच्यासमवेत त्यांनी डी. एफ. पी. या फ्रेंच मोटारींची इंग्लंडमधील विक्री हाती घेतली. पुढच्या वर्षी फ्रान्समधील कारखान्याच्या भेटीत त्यांच्या नजरेस टेबलावरचे एक अ‍ॅल्युमिनियमचे वजन पडले. कागद उडू नयेत म्हणून ठेवलेल्या त्या वस्तूने त्यांना विचारात पाडले. त्या काळी पिस्टन बिडाचे किंवा पोलादाचे असत. ते जड असल्याने इंजिनाच्या वेगाला मर्यादा पडे. अ‍ॅल्युमिनियम हलके आणि उष्णता चटकन वाहून नेणारे. त्यात योग्य प्रमाणात तांबे मिसळले तर ते पिस्टनसाठी टिकेल, असा त्यांचा कयास होता. डी. एफ. पी.च्या इंजिनात तसे पिस्टन बसवले गेले आणि १९१३-१४ मध्ये त्या छोट्या गाडीने ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर आपल्या वर्गातील विक्रम मोडले.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ही युक्ती व्यापाराची गोष्ट राहिली नाही. बेंटले यांनी ती नौदलाच्या विमानदळाला सांगितली आणि त्यांना अधिकारीपद देऊन विमानांच्या इंजिनांवर काम करण्यास सांगण्यात आले. त्या वेळी लढाऊ विमानांत क्लर्जे हे फ्रेंच बनावटीचे रोटरी इंजिन वापरले जाई. त्यात सिलिंडर समान तापत नसत, त्यांचा आकार बिघडे आणि हवेतच इंजिन निकामी होई. इंजिन बंद पडणे म्हणजे बहुधा वैमानिकाचा जीव जाणे. बेंटले यांनी अ‍ॅल्युमिनियमचे सिलिंडर, त्यांत बिडाचे लाइनर आणि अ‍ॅल्युमिनियमचे पिस्टन अशी रचना केली. बी. आर. १ या नावाने ओळखले गेलेले हे इंजिन सोपविथ कॅमल विमानांत बसवले गेले. ते क्लर्जेपेक्षा अधिक शक्तिशाली, अधिक भरवशाचे आणि बनवायला स्वस्तही होते. बेंटले यांच्या कारकिर्दीत भरवसा आणि स्वस्ताई एकत्र नांदल्याचा असा दाखला पुन्हा क्वचितच सापडतो. या कामाबद्दल त्यांना एम. बी. ई. हा किताब आणि १९२० मध्ये संशोधकांना पारितोषिके देणाऱ्या आयोगाकडून आठ हजार पौंड मिळाले.

युद्ध संपले त्याच सुमारास घरात मात्र आघात झाला. १९१४ मध्ये विवाह झालेल्या त्यांच्या पत्नी लिओनी १९१९ मध्ये इन्फ्लुएन्झाच्या साथीत गेल्या.

न सुटणारे हेड

त्याच वर्षी बेंटले मोटर्स ही कंपनी स्थापन झाली. लंडनच्या बेकर स्ट्रीटजवळील न्यू स्ट्रीट म्यूज या गल्लीत, तबेल्यावरच्या खोलीत, १९१९ च्या ऑक्टोबरमध्ये पहिले ३ लिटर इंजिन धडधडले. फ्रँक बर्जेस, हॅरी व्हार्ले आणि क्लाइव्ह गॅलॉप हे त्यांचे सहकारी होते.

चार सिलिंडरांच्या या इंजिनाची क्षमता २,९९६ घन सेंटिमीटर. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १४९ मिलिमीटर. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, दोन स्पार्क प्लग आणि माथ्यावर कॅमशाफ्ट. आज आपल्या शहरांत धावणाऱ्या साध्या मोटारीतही चार व्हॉल्व्ह असतात. त्या काळी मात्र ही शर्यतीच्या गाड्यांची चैन मानली जाई. या इंजिनाचे खरे वैशिष्ट्य निराळेच होते. त्याचे हेड सुटे होत नसे. सिलिंडरचा ब्लॉक आणि हेड मिळून बिडाचे एकच ओतीव.

सर्वसाधारण इंजिनात हेड वेगळे असते आणि ब्लॉक व हेड यांच्या मध्ये गॅस्केट बसवलेले असते. इंजिन अतिशय तापले किंवा त्यावर ताण आला, की हे गॅस्केट उडते, पाणी आणि वायू मिसळतात आणि गाडी रस्त्यातच उभी राहते. त्या काळातील गॅस्केटे फारशी विश्वासार्ह नव्हती. जेथे सांधाच नाही तेथे सांधा फुटण्याचा प्रश्नच नाही, असा बेंटले यांचा सरळ विचार होता. चोवीस तास पूर्ण वेगाने धावणाऱ्या गाडीसाठी तो योग्यच ठरला.

या रचनेची दुसरी बाजू कारखान्यातील फिटरांच्या वाट्याला आली. त्या काळच्या पेट्रोलने आणि तेलाने सिलिंडरात काजळी लवकर साचे. काही हजार मैलांनंतर कार्बन काढणे आणि व्हॉल्व्ह घासून पुन्हा बसवणे हे प्रत्येक गाडीचे नित्याचे काम होते. सुट्या हेडच्या गाडीत हेडचे नट काढले की व्हॉल्व्ह हाती येत. बेंटलेत मात्र अख्खा जड ब्लॉक क्रँककेसवरून उचलावा लागे आणि व्हॉल्व्ह सिलिंडरच्या नळीतून खालच्या बाजूने काढावे लागत. पुन्हा बसवताना चारही पिस्टनांच्या रिंगा आवळून त्यांवर ब्लॉक अलगद उतरवायचा. एका बाजूचे किरकोळ काम वाचवण्यासाठी दुसऱ्या बाजूला मोठे काम स्वीकारण्याचा हा व्यवहार होता.

आज शतकानंतर या व्यवहाराचे बिल मालकांना भरावे लागते. व्हॉल्व्हच्या बैठकींमध्ये बारीकशी चीर गेली, तर सुटे हेड बदलून भागते; येथे संपूर्ण ब्लॉकच निकामी ठरतो. पाणी खेळण्याच्या पोकळीत शंभर वर्षांचा गंज साठलेला असतो आणि भिंती आतून पातळ झालेल्या असतात. क्रँकशाफ्टचे बेअरिंग आजच्यासारखे दुकानातून आणून बसवायचे नसतात. पांढरा मिश्रधातू वितळवून तो जागेवर ओतावा लागतो, मग यंत्रावर नेमका कोरावा लागतो आणि हे जाणणारे कारागीर थोडे उरले आहेत. नवे ब्लॉक आजही इंग्लंडमधील काही तज्ज्ञ ओतून देतात. परंतु मूळ क्रमांकाचे इंजिन त्याच गाडीत असेल तर लिलावात तिचे मोल वाढते. म्हणून कित्येक मालक नवा ब्लॉक बसवण्याऐवजी जुनाच ब्लॉक अधिक खर्च करून वाचवतात. धातूपेक्षा मजुरी आणि मजुरीपेक्षा अस्सलपणा महाग, असा हा हिशेब आहे.

ल मान्सचे दिवस

पहिली गाडी ग्राहकाच्या हाती १९२१ च्या सप्टेंबरमध्ये पडली. उत्तर लंडनमधील क्रिकलवुड येथे कारखाना उभा राहिला. कंपनी केवळ चासी आणि इंजिन बनवी. वरची बॉडी ग्राहक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घेई. चासीला पाच वर्षांची हमी होती. एवढी हमी देणे म्हणजे आपल्या कारागिरीवरचा विश्वास जाहीर करणे होते, आणि प्रत्येक बिघाडाचा खर्च आपल्या अंगावर घेणेही होते.

१९२३ मध्ये फ्रान्समधील ल मान्स येथे चोवीस तासांची शर्यत प्रथमच भरली. जॉन डफ या ग्राहकाने स्वतःची ३ लिटर तेथे नेण्याचे ठरवले. एकही गाडी शेवटपर्यंत टिकणार नाही, असे बेंटले यांना वाटत होते. तरीही ते पाहायला गेले. उडालेल्या दगडाने पेट्रोलची टाकी फुटली, सहचालक फ्रँक क्लेमंट सायकलवरून पेट्रोल घेऊन गाडीपर्यंत पोहोचले, आणि एवढे होऊनही गाडी चौथ्या क्रमांकावर आली. बेंटले यांचे मत तेथेच बदलले. १९२४ मध्ये डफ आणि क्लेमंट यांनी ती शर्यत जिंकली.

पुढची दोन वर्षे अपयशाची गेली. १९२७ मध्ये व्हाइट हाउस या वळणावर झालेल्या भीषण अपघातात कंपनीच्या तिन्ही गाड्या सापडल्या. त्यांतली वाकलेल्या आसाची एकच गाडी डॉ. बेंजाफिल्ड आणि सॅमी डेव्हिस यांनी पुढे दामटली आणि शर्यत जिंकली. १९२८, १९२९ आणि १९३० या तिन्ही वर्षी बेंटलेच विजयी ठरली. १९२९ मध्ये तर पहिले चारही क्रमांक तिचेच होते.

१९२९ आणि १९३० च्या विजयांमागे ६½ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन होते. त्याच्या जन्माचीही एक कथा आहे. १९२४ मध्ये फ्रान्सच्या रस्त्यावर नव्या गाडीची चाचणी घेताना बेंटले यांची गाठ वेष पालटलेल्या एका रोल्स-रॉइसशी पडली. तीही चाचणीवरच निघालेली. दोघांची नकळत शर्यत लागली आणि दोन्ही गाड्या तुल्यबळ ठरल्या. परतताच बेंटले यांनी इंजिनाचा आकार वाढवण्याचा निर्णय घेतला. या इंजिनाचा कॅमशाफ्ट फिरवण्यासाठी त्यांनी साखळी किंवा दातेरी चाकांऐवजी आगगाडीच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यांसारख्या दांड्या योजल्या. डॉन्कास्टरचा उमेदवार येथे स्पष्ट दिसतो.

ज्या इंजिनाने नाव केले

कंपनी शर्यती जिंकत होती, पण पैसा मिळवत नव्हती. भांडवल आरंभापासूनच अपुरे होते. १९२६ मध्ये किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींतून श्रीमंत झालेल्या बार्नी बार्नाटो यांचे पुत्र वुल्फ बार्नाटो यांनी एक लाख पौंडांहून अधिक रक्कम ओतून कंपनी तगवली. त्या मोबदल्यात सत्ता त्यांच्याकडे गेली. जुन्या भागधारकांच्या एक पौंडाच्या भागाची किंमत एका शिलिंगवर आली. स्वतःचे नाव असलेल्या कंपनीत बेंटले आता पगारी माणूस झाले. बार्नाटो चालक म्हणूनही असामान्य होते. ल मान्सला ते तीनदा उतरले आणि तिन्ही वेळा जिंकले.

सत्ता हातची गेल्याचा पहिला मोठा परिणाम इंजिनावरच झाला. ४½ लिटर गाडीचा वेग वाढवण्यासाठी चालक सर हेन्री बर्किन यांना सुपरचार्जर हवा होता. हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबाने सिलिंडरात कोंबणारे हे यंत्र शक्ती झपाट्याने वाढवते. मूळ इंजिनाची सुमारे ११० अश्वशक्ती शर्यतीच्या गाडीत २४० पर्यंत गेली. बेंटले यांचा या कल्पनेला ठाम विरोध होता. शक्ती हवी असेल तर इंजिन मोठे करावे, त्याच्यावर बळजबरी करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. बार्नाटो यांनी मात्र बर्किन यांना अनुमती दिली. डोरोथी पॅजेट या धनाढ्य तरुणीने शर्यतीच्या गाड्यांचा खर्च उचलला आणि ल मान्सच्या नियमांसाठी अशा पन्नास गाड्या विक्रीस काढाव्या लागल्या.

१९३० च्या ल मान्समध्ये बर्किन यांनी मर्सिडीजचा जीव खाईस्तोवर पाठलाग केला. मर्सिडीज बंद पडली, पण दोन्ही ‘ब्लोअर’ बेंटलेही शेवटपर्यंत पोहोचल्या नाहीत. विजय मिळवला तो सुपरचार्जर नसलेल्या ‘स्पीड सिक्स’ने. ल मान्स ‘ब्लोअर’ला कधीच जिंकता आली नाही. तरीही लोकांच्या मनात बेंटले म्हटले की तीच गाडी उभी राहते. २०१२ मध्ये बर्किन यांच्या एका ‘ब्लोअर’ला इंग्लंडमधील लिलावात ५० लाख पौंडांवर किंमत आली. ज्या इंजिनाला निर्मात्याने मनापासून नाकारले, त्यालाच बाजाराने सर्वाधिक मोल दिले.

दिवाळे आणि लिलाव

१९३० च्या ऑक्टोबरमध्ये बेंटले यांनी ८ लिटर ही आपली सर्वांत भव्य गाडी सादर केली. केवळ चासीची किंमत १,८५० पौंड. अमेरिकेतील शेअर बाजार कोसळून एक वर्ष झाले होते आणि अशा गाडीचे ग्राहक झपाट्याने घटत होते. अवघ्या शंभर गाड्या बनल्या. १९३१ मध्ये कर्जाचा हप्ता भरण्याची वेळ आली तेव्हा बार्नाटो यांनी आणखी पैसा घालण्यास नकार दिला आणि कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली.

विमानांची इंजिने बनवणारी नेपियर ही कंपनी ती विकत घेईल आणि बेंटले तेथे गाड्या घडवतील, असे जवळपास ठरले होते. परंतु ब्रिटिश सेंट्रल इक्विटेबल ट्रस्ट या अनोळखी नावाने १,२५,२७५ पौंडांची बोली आली. तिच्यामागे रोल्स-रॉइस होती, हे नंतर उघड झाले. दहा वर्षांत सुमारे तीन हजार गाड्या बनवून क्रिकलवुडचे पर्व संपले. बेंटले यांची स्वतःची ८ लिटर गाडीही मालमत्तेत मोजली गेली आणि त्यांच्या हातून गेली. करारामुळे ते स्वतः रोल्स-रॉइसच्या नोकरीत बांधले गेले. त्यांच्या नावाच्या गाड्या आता रोल्स-रॉइसचे अभियंते घडवत होते आणि ते केवळ त्या चालवून पाहत होते.

१९३५ मध्ये करार संपताच ते लॅगोंडा कंपनीत गेले. तेथे त्यांनी बारा सिलिंडरांचे इंजिन घडवले. त्यावर धावणाऱ्या दोन गाड्या १९३९ च्या ल मान्समध्ये तिसऱ्या आणि चौथ्या आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नव्या गाडीच्या नावात बेंटले हा शब्द जोडण्याचा लॅगोंडाने प्रयत्न केला, तेव्हा रोल्स-रॉइसने न्यायालयात जाऊन तो रोखला. स्वतःचे आडनाव स्वतःच्या निर्मितीवर घालण्याचा हक्क त्यांना उरला नव्हता.

निर्मिती मात्र थांबली नाही. लॅगोंडात त्यांच्या देखरेखीखाली २.६ लिटरचे, दोन कॅमशाफ्टचे सहा सिलिंडरांचे इंजिन तयार झाले. उद्योगपती डेव्हिड ब्राउन यांनी १९४७ मध्ये अ‍ॅस्टन मार्टिनपाठोपाठ लॅगोंडा विकत घेतली, त्यामागे या इंजिनाचा मोह होता. १९५० ची अ‍ॅस्टन मार्टिन डी. बी. २ आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या याच इंजिनावर धावल्या. त्याचीही बांधणी मजबूत आणि दुरुस्ती अवघड आहे. क्रँकशाफ्ट अ‍ॅल्युमिनियमच्या गोल आधारांसह ब्लॉकच्या टोकाकडून आत सरकवावा लागतो. त्यामुळे ही जुनी अ‍ॅस्टन मार्टिन बाळगणाऱ्यांच्या बिलावरही बेंटले यांचीच अदृश्य सही असते.

उत्तरायुष्य

निवृत्तीनंतर बेंटले सरे परगण्यात साधेपणाने राहिले. १९३६ मध्ये त्यांच्या गाड्यांच्या मालकांनी स्थापन केलेल्या बेंटले ड्रायव्हर्स क्लबचे ते आधारस्तंभ बनले. कंपनी बुडाली असली तरी तिच्या गाड्या बुडाल्या नव्हत्या. एकेका मालकाने त्या खोलल्या, दुरुस्त केल्या, पुन्हा बांधल्या आणि शर्यतीत उतरवल्या, हे त्यांना आपल्या डोळ्यांनी पाहता आले. १३ ऑगस्ट १९७१ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांना अपत्य नव्हते.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत रोल्स-रॉइस कंपनीही रिसीव्हरच्या ताब्यात गेली होती. आर. बी. २११ या विमानाच्या इंजिनाचा खर्च हाताबाहेर गेल्याने तिच्यावर ही वेळ आली. ज्या कंपनीने चाळीस वर्षांपूर्वी बेंटले यांना लिलावात जिंकले, तिलाही एका इंजिनाच्या किमतीनेच गाठले. पुढे मोटारींचा विभाग वेगळा झाला आणि १९९८ मध्ये बेंटले हे नाव जर्मनीच्या फोक्सवॅगनकडे गेले. २००६ मध्ये बेंटले मोटर्सने डब्ल्यू. ओ. यांची ती हिरावली गेलेली ८ लिटर गाडी परत विकत घेतली.

व्यापाराच्या दृष्टीने पाहिले तर बेंटले यांचा हिशेब चुकला, यात शंका नाही. खर्चाला लगाम घालणारा कोणी त्यांच्या शेजारी वेळीच बसला असता, तर क्रिकलवुडचा कारखाना कदाचित तगला असता. मात्र त्यांच्या गाड्यांचे भाग पुन्हा ओतता येण्याजोगे, कोरता येण्याजोगे आणि जुळवता येण्याजोगे होते. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीचे ते इंजिन आजही खोलून पुन्हा चालते करता येते. त्यासाठी मागितला जाणारा आकडा मोठा आहे खरा. पण पैसे मोजूनही पुन्हा बांधता येणार नाहीत, अशी त्या काळातली कितीतरी स्वस्त इंजिने केव्हाच भंगारात वितळून गेली आहेत.